हवेतलं एचडी मोठ्या पडद्यावर: अँटेनापासून प्रोजेक्टरपर्यंत

१०० इंची पडद्याची रुंदी सुमारे २२१ सेंटिमीटर भरते. तेवढ्या रुंदीत १९२० ठिपके मांडले की एकेक ठिपका साधारण १.१५ मिलिमीटरचा होतो. प्रसारणासाठी चित्र दाबून लहान करताना एमपेग-२ पद्धतीत ते १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनांत तोडतात. असा एक चौकोन या पडद्यावर १८ मिलिमीटरचा दिसतो, तर ४० इंची टीव्हीवर तो साडेसात मिलिमीटरसुद्धा नसतो. टीव्हीवर नजरेतून निसटणारा दोष प्रोजेक्टरवर ठळक होऊन समोर येतो, आणि सिग्नलमधली क्षणभराची चूकही तळहाताएवढ्या डागासारखी दिसते. म्हणून प्रोजेक्टरसाठी अँटेना बसवताना टीव्हीला चालणारं ‘बऱ्यापैकी येतंय’ पुरत नाही.

तरीही हवेतून थेट येणारं एचडी मोठ्या पडद्याला फार चांगलं मानवतं. केबल किंवा इंटरनेटवरून तोच चॅनेल घेतला तर वाटेत तो अनेकदा पुन्हा एकदा दाबला जातो. टॉवरवरून निघालेले बिट मात्र अँटेनाने पकडले की जसेच्या तसे ट्यूनरपर्यंत, म्हणजे सिग्नल उलगडून चित्र काढणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचतात. केंद्राने जेवढा तपशील पाठवला तेवढा सगळा मिळतो. आपलं काम एवढंच की ते बिट वाटेत सांडू द्यायचे नाहीत.

सगळ्यात आधी एक गोष्ट: बहुतेक होम थिएटर प्रोजेक्टरमध्ये ट्यूनर नसतो. अँटेनाची वायर लावायला त्याच्या पाठीमागे जागाच नसते. घरातल्या टीव्हीत ट्यूनर आहे, तर त्यातून एचडीएमआयने चित्र प्रोजेक्टरला देता येईल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. टीव्हीवरची एचडीएमआय सॉकेटं चित्र आत घेण्यासाठी असतात, आणि ‘एआरसी’ लिहिलेल्या सॉकेटातून उलट दिशेने फक्त आवाज येतो. त्यामुळे वेगळा ट्यूनर लागतोच. अँटेना, कोॲक्स केबल (अँटेनाची गोल वायर), ट्यूनर, तिथून एचडीएमआयने एव्ही रिसीव्हर (स्पीकरना आवाज देणारं यंत्र) आणि पुढे प्रोजेक्टर, अशी ही साखळी आहे.

सिग्नलमध्ये असतं काय

जगात डिजिटल प्रसारणाच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत एटीएससी, युरोप आणि भारतात डीव्हीबीचे प्रकार, जपानमध्ये आयएसडीबी-टी, ब्राझीलमध्ये त्याचाच बदललेला अवतार, चीनमध्ये डीटीएमबी. एका पद्धतीचा ट्यूनर दुसरीचा सिग्नल उलगडू शकत नाही. परदेशातून आणलेला उत्तम ट्यूनर घरी शून्य चॅनेल दाखवतो तो यामुळेच. खरेदी करताना पद्धतीचं नाव अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत वाचा. डीव्हीबी-टी आणि डीव्हीबी-टी२ या दोन निराळ्या पद्धती आहेत, एटीएससी १.० आणि ३.० याही. चित्र दाबण्याची पद्धतही जुळावी लागते: जर्मनीत डीव्हीबी-टी२ सोबत एचईव्हीसी वापरतात, म्हणून टी२ घेणारा पण एचईव्हीसी न समजणारा ट्यूनर तिथे चॅनेलची नावं दाखवतो आणि चित्र काळं ठेवतो.

किती माहिती येते तेही पाहू. एटीएससी १.० मध्ये ६ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून सेकंदाला १९.३९ मेगाबिट येतात. न दाबलेलं १०८०आय (१०८० रेषांचं, अर्ध्या-अर्ध्या भागांत येणारं) चित्र सेकंदाला सुमारे ७४६ मेगाबिट खातं. म्हणजे चित्र चाळीसेक पट दाबलेलं असतं, आणि त्याच चॅनेलमध्ये केंद्राने दोन-तीन उपचॅनेल कोंबले असतील तर आणखी जास्त. सामन्यात कॅमेरा झपकन फिरला की गवताचा लगदा होतो आणि प्रेक्षकांच्या गर्दीत चौकोन दिसू लागतात. हा केंद्राच्या बिटांचा तुटवडा आहे. अँटेना कितीही मोठा केला तरी तो भरून निघत नाही. चित्र गोठणं, आडवे रंगीत पट्टे येणं, आवाज ‘टक्’ करून तुटणं हे मात्र आपल्या बाजूचे दोष. हा फरक डोळ्याला कळू लागला की अर्धा शोध वाचतो.

खरा चॅनेल कोणता

रिमोटवर दिसणारा आकडा आणि हवेतला आकडा एकच असेल असं धरून चालू नका. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा बरीच केंद्रं यूएचएफवर, म्हणजे जास्त वारंवारतेच्या टीव्ही पट्ट्यावर, गेली. प्रेक्षकांच्या ओळखीचा जुना आकडा मात्र त्यांनी नावापुरता ठेवला. पडद्यावर ७.१ दिसतं आणि प्रक्षेपण होतं २७ वर. त्यात २०२० च्या जुलैत पूर्ण झालेल्या फेररचनेत ३८ ते ५१ हे चॅनेल मोबाइल सेवेकडे गेले आणि टीव्हीची वरची मर्यादा ६०८ मेगाहर्ट्झवर आली. युरोपात ती ६९४ वर आहे.

याचा अँटेनाशी थेट संबंध आहे, कारण त्याच्या दांड्यांची लांबी तरंगलांबीवरून ठरते. यूएचएफच्या मध्यावर, ५४० मेगाहर्ट्झला, अर्धी तरंगलांबी २८ सेंटिमीटर येते. त्याहून कमी वारंवारतेच्या व्हीएचएफमध्ये, १७४ ते २१६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ती ६९ ते ८६ सेंटिमीटर होते आणि ७० मेगाहर्ट्झला दोन मीटर ओलांडते. हातभर रुंदीचा चपटा अँटेना यूएचएफ छान पकडतो, पण व्हीएचएफवर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. आपल्या भागातल्या केंद्रांची खरी वारंवारता, टॉवरची दिशा आणि अंतर आधी कागदावर उतरवा. ही माहिती प्रसारण नियामकाच्या किंवा केंद्राच्या संकेतस्थळावर मिळते. सगळी केंद्रं यूएचएफवर असतील तर मोठा दांडीवाला अँटेना विकत घेऊन वाऱ्याला तोंड देण्यात अर्थ नाही.

सगळे टॉवर एकाच दिशेला आणि लांब असतील तर यागी (एका लांब दांडीवर अनेक आडव्या काड्या असलेली अँटेना) घ्या. ती अरुंद कोनातून ऐकते, त्यामुळे बाजूचे परावर्तित सिग्नल आपोआप गाळले जातात. टॉवर तीस-चाळीस अंशांत विखुरलेले असतील तर मागे जाळी असलेला, चार फुलपाखरी घटकांचा अँटेना सोयीचा. दोन विरुद्ध दिशांना टॉवर असतील तर एकाच पट्ट्याचे दोन अँटेना साध्या जोडणीने एकत्र करायचा मोह होतो. त्यात दोन्हीकडून साडेतीन डेसिबल जातात (डेसिबल हे सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप; ३ गेले की सिग्नल निम्मा), शिवाय एकच सिग्नल दोन वाटांनी किंचित मागेपुढे येऊन स्वतःलाच खोडतो. त्यापेक्षा दोन अँटेना दोन वेगळ्या ट्यूनरना द्या. यूएचएफचा एक आणि व्हीएचएफचा एक असे दोन अँटेना मात्र डिप्लेक्सरने जोडायला काहीच हरकत नाही. तो पट्टे वेगळे ठेवतो, नुकसानही अर्ध्या-एक डेसिबलचंच होतं.

अँटेनाच्या दांड्या आडव्या की उभ्या, तेही पाहून घ्या. मोठे टॉवर बहुधा आडव्या ध्रुवीकरणाने पाठवतात, पण ब्रिटनसारख्या देशांत अनेक छोटी पुनःप्रक्षेपण केंद्रं उभ्या ध्रुवीकरणाची असतात. चुकीच्या बाजूला फिरवलेला अँटेना निम्म्याहून फार जास्त सिग्नल गमावतो.

उंची, दिशा आणि थोडा धीर

रेडिओ क्षितिजाचं अंतर काढायचं सोपं सूत्र आहे: टॉवरची आणि अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. टॉवर ३०० मीटर आणि अँटेना ९ मीटर असेल तर उत्तर येतं सुमारे ८४ किलोमीटर. अँटेना ३ मीटरवर आणला तरी ७८. हिशोबात फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात उंचीचा फायदा मोठा असतो, कारण ती समोरची घरं आणि झाडं ओलांडून देते. ओल्या पानांचं दाट झाड यूएचएफला भिंतीसारखं अडवतं.

घराच्या आत अँटेना ठेवायचा तर भिंतीत काय आहे ते बघा. लोखंडी जाळी, ॲल्युमिनियमचं आवरण असलेलं उष्णतारोधक, धातूचा पातळ थर दिलेली काच, यांपैकी काहीही असलं की सिग्नलचा बराचसा भाग बाहेरच राहतो. प्रोजेक्टरच्या खोलीत अंधारासाठी आणि आवाज अडवण्यासाठी भिंती आधीच जाड केलेल्या असतात, म्हणून अँटेनासाठी ती घरातली सहसा सगळ्यात वाईट खोली ठरते. अँटेना बाहेर, केबल आत.

दिशा लावताना ट्यूनरचा मीटर वापरा, पण त्यातला ‘ताकद’ दाखवणारा आकडा सोडून ‘गुणवत्ता’ दाखवणारा बघा. ताकदीत गोंगाटही मोजला जातो. अँटेना एका वेळी पाचेक अंश फिरवा, हात बाजूला घ्या, पाच सेकंद थांबा, मग आकडा लिहा. डिजिटल मीटर उशिरा हलतो, आणि खांब धरून उभ्या असलेल्या माणसाचं शरीरही चित्रात येतं. सगळ्यात कमजोर केंद्रासाठी दिशा ठरवा, बलवान केंद्रं आपली काळजी घेतात. मग खांब तसाच ठेवून अँटेना वर-खाली १०-१५ सेंटिमीटर सरकवून पाहा. जमिनीवरून किंवा छपरावरून परतलेली लहर थेट लहरीत मिसळते, त्यामुळे काही उंचींवर सिग्नल फुगतो आणि हातभर अंतरावर बसतो. सगळ्यात उंच जागा सगळ्यात चांगली असेलच असं नाही.

राखीव सिग्नलचा हिशोब

हा भाग नीट समजून घ्यावा, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

ॲनालॉग चित्र हळूहळू मुंग्यांनी भरायचं. डिजिटल चित्र पूर्ण चांगलं असतं आणि मग एकदम नसतं. एटीएससी १.० ला सिग्नल गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर लागतो. १६ असला तरी चित्र तितकंच सुंदर आणि ३० असला तरी तितकंच, १४ वर पडदा काळा. म्हणून ‘आज छान दिसतंय’ यावरून आपण कड्याच्या किती जवळ उभे आहोत ते कळत नाही. पाऊस, पालवी, जाणारं विमान, तापलेली हवा यांनी पाच-दहा डेसिबल सहज इकडे-तिकडे होतात. तेवढा सिग्नल राखीव हवा.

६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये निसर्गाचा स्वतःचा उष्णताजन्य गोंगाट उणे १०६ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) असतो. ट्यूनर त्यात स्वतःचे सातेक डेसिबल घालतो. वर १५ ची गरज. बेरीज केली की ट्यूनरच्या तोंडाशी किमान उणे ८४ डीबीएम हवेत. आता एक घर घेऊ. अँटेनाच्या टोकाशी उणे ७२ मिळतात. ३० मीटर आरजी-६ केबल यूएचएफला सुमारे ५ डेसिबल खाते. चार तोंडी स्प्लिटर (एक सिग्नल चार वाटांत विभागणारा जोड) आणखी ७. ट्यूनरपाशी उरले बरोबर उणे ८४. चित्र दिसेल, पण राखीव शून्य. पहिल्याच सरीला जाईल.

उपाय काय? पहिला फुकटातला: स्प्लिटर काढा. टीव्हीसाठी पूर्वी घातलेला चार तोंडी स्प्लिटर तसाच असतो आणि त्याची तीन तोंडं रिकामी असतात. रिकामी तोंडंही आपला वाटा घेतातच. सरळ एक केबल ट्यूनरला दिली की ७ डेसिबल परत मिळाले.

दुसरा उपाय ॲम्प्लिफायर. १८ डेसिबल वाढवणारा आणि स्वतः फक्त २ डेसिबल गोंगाट घालणारा ॲम्प्लिफायर ट्यूनरच्या शेजारी, स्प्लिटरनंतर लावला, तर राखीव शून्यावरून ५ च्या आसपास जातो. तोच खांबावर, अँटेनाच्या बुडाशी लावला तर १४ च्या पुढे. वस्तू एकच, फरक जागेचा. केबलमध्ये सिग्नल एकदा गोंगाटाच्या पातळीला आला की नंतर वाढवताना गोंगाटही तेवढाच वाढतो. आधी वाढवून मग केबलमधून सोडला तर केबलने खाल्लेलं सोसतं. म्हणून चांगला ॲम्प्लिफायर दोन तुकड्यांत येतो: एक खांबावर आणि एक घरात, जो कोॲक्समधूनच वर वीज पाठवतो. मधे स्प्लिटर असेल तर त्याचं वीज जाऊ देणारं तोंड वापरावं लागतं, नाहीतर वरचा तुकडा बंद राहतो. आणि बंद ॲम्प्लिफायर सिग्नल नुसता सोडून देत नाही, तो अडवतो. ‘ॲम्प्लिफायर लावल्यावर होते ते चॅनेलही गेले’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

जादा वाढवणंही घातक. टॉवर पाच-दहा किलोमीटरवर असेल तर ॲम्प्लिफायर तुंबतो आणि स्वतःच नसलेले सिग्नल तयार करतो. एफएम रेडिओचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ आहे. त्याची दुप्पट करा: १७६ ते २१६. हा जवळपास नेमका व्हीएचएफचा वरचा टीव्ही पट्टा. जवळच्या एफएम टॉवरने ॲम्प्लिफायर तुंबला की त्याची दुसरी पट टीव्ही चॅनेलवर जाऊन बसते. ॲम्प्लिफायरच्या आधी एफएम गाळणारा फिल्टर लावला की हे थांबतं. मोबाइल टॉवरच्या बाबतीत एलटीई-५जी फिल्टर हेच काम करतो. आमचा सल्ला असा: आधी अँटेना आणि त्याची जागा, मग केबल, मग स्प्लिटर कमी करणं, आणि हे सगळं होऊनही कमी पडलं तरच ॲम्प्लिफायर. तुंबला आहे की काय अशी शंका आली तर ट्यूनरच्या आधी १० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावून पाहा. सिग्नल कमी करून गुणवत्ता वाढली तर दोष सापडला.

केबल, जोड आणि अर्थिंग

केबल आरजी-६, ७५ ओहम. जुनी बारीक आरजी-५९ काढून टाका. खांबावर ॲम्प्लिफायर असेल आणि केबल लांब असेल तर आतला तार पूर्ण तांब्याचा घ्या. तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी तार सिग्नलला चालतो, पण वीज नेताना त्याचा रोध जास्त पडतो.

एफ-कनेक्टर दाबून बसवायचा, म्हणजे कॉम्प्रेशन प्रकारचा घ्या. पिळून बसवायचे कनेक्टर कालांतराने ढिले होतात. आतला तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर तीनेक मिलिमीटर यावा. केबलच्या बाहेरच्या जाळीदार वेणीतला एखादा केसासारखा तंतू आत जाऊन मधल्या ताराला टेकला तर सिग्नल मरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बाहेरच्या जोडांवर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल आणि भोकातून आत येणार नाही.

अर्थिंग ऐच्छिक नाही. धातूचा खांब आणि केबलची वेणी, दोन्ही जमिनीशी जोडायची. केबल घरात शिरते तिथे ग्राउंडिंग ब्लॉक (वेणीला अर्थिंगशी जोडणारा धातूचा जोड) बसवायचा आणि तो घराच्या मुख्य अर्थिंगलाच जोडायचा. अमेरिकेच्या विद्युत संहितेत यासाठी किमान १० गेज तांब्याची तार सांगितली आहे, आणि अँटेनासाठी वेगळी अर्थिंगची सळई ठोकली तर ती मुख्य अर्थिंगशी त्याहून जाड, ६ गेजच्या तारेने जोडायला लावली आहे. दोन सुट्या अर्थिंगमध्ये विजेच्या कडकडाटात हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो भरून काढायची वाट ट्यूनर, एचडीएमआय, रिसीव्हर, प्रोजेक्टर अशी जाते. अर्थिंगने थेट कोसळलेली वीज थोपवली जात नाही. वाऱ्याने आणि ढगांनी साठणारा भार निघून जातो आणि जवळपास पडलेल्या विजेचा धक्का बोथट होतो. खांब उभा करताना जवळ विजेच्या उघड्या तारा असतील तर खांब आडवा पडला तरी तारांना लागणार नाही एवढं अंतर ठेवा. ते शक्य नसेल तर ती जागा सोडा.

ट्यूनर

साधा सेट टॉप बॉक्स बहुतेकांना पुरतो. निवडताना तीन गोष्टी बघा: एचडीएमआयवर चित्र मूळ रूपात देण्याची सोय, आवाज डॉल्बी डिजिटल ‘बिटस्ट्रीम’ म्हणून, म्हणजे न उलगडता जसाच्या तसा, बाहेर देण्याची सोय, आणि सिग्नलची गुणवत्ता दाखवणारा मीटर.

दुसरा मार्ग नेटवर्क ट्यूनरचा. तो अँटेनाच्या जवळ ठेवायचा आणि चित्र घरच्या नेटवर्कवरून प्रोजेक्टरजवळच्या प्लेयरला पाठवायचं. कोॲक्स छोटी राहते, हा मोठाच फायदा. पण जोडणी इथरनेटच्या वायरची ठेवा. १९ मेगाबिट वायफायला जड नाहीत. अडचण आहे ती वेळेवर येण्याची: वायफायवर पॅकेट उशिरा आलं की चित्र अडखळतं आणि दोष अँटेनाला लागतो. प्लेयरचं ॲप १०८०आय नीट उलगडतं का, हेही तपासा. काही ॲप सेकंदाला ६० हालचालींऐवजी ३० च दाखवतात, आणि धावणारा खेळाडू झटके खात पळतो. रेकॉर्डिंग करायचं तर पूर्ण १९.३९ मेगाबिटचा एक तास ८.७ गीगाबाइट जागा घेतो.

प्रोजेक्टरकडे नेताना

छताला टांगलेल्या प्रोजेक्टरपर्यंत एचडीएमआय लांब जाते. १०८० रेषांसाठी चांगली तांब्याची केबल दहा मीटरपर्यंत बहुधा निभावते. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. ती एकाच दिशेने चालते, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं टोक प्रोजेक्टरकडे. छतात कोंडण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा, आणि नळी एवढी रुंद ठेवा की पुढे कधी केबल बदलायला कनेक्टर आतून जाईल.

चित्राच्या मांडणीत मुख्य प्रश्न १०८०आय चा. यात पूर्ण चित्र एकदम येत नाही. आधी एकाआड एक ५४० रेषा, मग उरलेल्या ५४०, असे अर्धे भाग सेकंदाला ६० किंवा देशानुसार ५० येतात. ते जुळवून पूर्ण चित्र करण्याचं काम साखळीत कुणीतरी एकानेच करावं: ट्यूनर, रिसीव्हर किंवा प्रोजेक्टर. कोण चांगलं करतं ते पुस्तिकेवरून कळत नाही, पाहूनच ठरवायचं. ट्यूनर आधी ‘मूळ’ रूपावर ठेवा, मग १०८०पी (पूर्ण १०८० रेषा एकदम) वर, आणि दोन्हीत खेळाच्या मैदानावरच्या तिरक्या पांढऱ्या रेषा आणि खाली सरकणाऱ्या बातम्यांची अक्षरं पाहा. रेषांना पायऱ्या पडत असतील किंवा अक्षरांच्या कडा कंगव्यासारख्या दिसत असतील तर ते काम दुसऱ्या यंत्राकडे द्या. ७२०पी केंद्रांना हा प्रश्नच नाही, ती पूर्ण चित्रं पाठवतात. म्हणून वेगवान खेळ कमी रेषांतही तिथे स्वच्छ दिसतो.

ओव्हरस्कॅन बंद करा. तो चालू असला की प्रोजेक्टर कडा कापून उरलेलं चित्र ताणतो आणि एकही ठिपका जागेवर राहत नाही. काही केंद्रांच्या वरच्या कडेला पांढरी लुकलुकती रेघ दिसली तर एक-दोन ठिपक्यांचं झाकण पुरतं. काळ्याची पातळीही जुळवा: टीव्हीच्या चित्रात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. काळे भाग राखाडी, धुवून काढल्यासारखे दिसत असतील किंवा अंधाराच्या दृश्यात कोटाच्या घड्या गायब होत असतील, तर ट्यूनर आणि प्रोजेक्टर यांची ‘मर्यादित’ आणि ‘पूर्ण’ ही सेटिंगं जुळलेली नाहीत.

आवाज प्रोजेक्टरपर्यंत नेऊच नका, रिसीव्हरवर उतरवा. प्रोजेक्टरला चित्र घडवायला वेळ लागतो, त्यामुळे आवाज पुढे पळतो. रिसीव्हरमध्ये आवाज मागे ओढण्याची सोय असते. बातम्या देणाऱ्याचा चेहरा जवळून दिसत असताना प, ब, म या अक्षरांकडे लक्ष द्या, कारण ती उच्चारताना ओठ मिटतात. शून्यापासून सुरू करून १० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी वाढवत जा. हे सेटिंग चित्राचा मोड बदलला की पुन्हा तपासावं लागतं, कारण प्रोजेक्टरचा उशीर मोडनुसार बदलतो.

बसण्याच्या अंतराचंही बघा. १०० इंची पडद्यावर १०८० रेषांचा ठिपका चार मीटरच्या पुढून सर्वसाधारण डोळ्याला वेगळा दिसत नाही. चांगल्या चित्रपटाच्या डिस्कसाठी तीन मीटर उत्तम. प्रसारणासाठी मात्र खुर्ची अर्धा मीटर मागे घेतली की दाबण्याचे दोष बरेच विरतात.

बिघाड केव्हा होतो ते बघा

चित्र कसं बिघडतं याहून ते केव्हा बिघडतं यातून जास्त कळतं. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस त्रास होतो आणि मग आपोआप बरं वाटतं: बाहेरच्या जोडात पाणी शिरलंय. वाऱ्यात बिघडतं: खांब डुलतोय, जोड ढिला आहे किंवा समोर हलणारी झाडं आहेत. पालवी फुटल्यावर सुरू होऊन पानगळीत थांबतं: राखीव कमी आहे, अँटेना झाडावरून नाहीतर झाडाच्या बाजूने पाहील अशा जागी हलवा. उकाड्याच्या शांत संध्याकाळी लांबच्याच अनोळखी केंद्रांची नावं उमटतात आणि नेहमीची तुटतात: हवेच्या थरांमुळे दूरचे सिग्नल वाकून येतात, आणि ते काही तासांत निवळतं. सगळे चॅनेल एकदम गेले: आधी ॲम्प्लिफायरच्या घरातल्या तुकड्याची वीज बघा, मग केबल.

आणि प्रोजेक्टरच्या घरात हमखास भेटणारा एक प्रकार. यूएचएफचे चॅनेल ठीक, व्हीएचएफचे मात्र सिनेमाची तयारी केली की तुटतात. दिवे मंद केले की, प्रोजेक्टर तापला की, किंवा पडदा खाली आला की. एलईडी दिव्यांचे आणि मोटारींचे स्वस्त वीजपुरवठे व्हीएचएफमध्ये गोंगाट ओकतात. व्हीएचएफचा कमजोर चॅनेल लावून ट्यूनरचा मीटर समोर ठेवा, खोलीतली उपकरणं एकेक करून बंद करा, आणि प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबा. ज्या उपकरणाला गुणवत्तेचा आकडा उडी मारतो ते दोषी. त्याच्या वीजवायरवर, अगदी उपकरणाजवळ, चिमट्याचा फेराइट (गोंगाट अडवणारी चुंबकीय कडी) लावा, आणि वायर बारीक असेल तर त्यातून तिचे दोन-तीन वेढे घ्या. एवढ्याने भागलं नाही तर दिवा किंवा त्याचा ड्रायव्हर बदला. अँटेना घरातच असेल तर तो त्या खोलीपासून चार-पाच मीटर दूर नेणं या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.